चांद्याचा वारस, जोधपूरचा आश्रित

मे १८१८. विदर्भातील उन्हाळा ऐन भरात होता आणि ईरई व झरपट या नद्यांच्या संगमावर वसलेल्या चांदा शहराला इंग्रज फौजेचा वेढा पडला होता. लेफ्टनंट कर्नल अ‍ॅडम्स ९ मे रोजी शहरापुढे येऊन ठाकला. आत किल्लेदार गंगासिंग आपल्या धन्याच्या नावाने परकोट लढवीत होता. तो धनी मात्र तेथे नव्हता. कित्येक मजला उत्तरेला, जबलपूरच्या वाटेवर, इंग्रज पहाऱ्यात त्याला प्रयागच्या कैदेकडे नेले जात होते. १२ मेच्या रात्री तो पहाऱ्यातून निसटला. २० मे रोजी चांद्याचा तट फोडून इंग्रज आत शिरले आणि गंगासिंग लढता लढता पडला. धनी सुटला त्याच आठवड्यात त्याचे हक्काचे ठिकाण गेले. दुसरे मुधोजी भोसले उर्फ आप्पासाहेब यांचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते आणि आयुष्याची आणखी बावीस वर्षे बाकी होती. ती सारी परमुलखात गेली.

आप्पासाहेबांचे नाव निघाले की वाचकाला सीताबर्डीची लढाई आठवते. नागपूरच्या इतिहासात त्यांची जागा तेवढीच आहे. चांद्याशी त्यांचे नाते मात्र त्याहून जुने आणि जवळचे होते.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात थोरल्या शाखेकडे सेनासाहेबसुभा हे पद असे आणि धाकट्या शाखेकडे सेनाधुरंधर. पहिल्या रघूजींच्या मृत्यूनंतर जानोजी आणि मुधोजी या भावांत वाटणी झाली तेव्हा सेनाधुरंधर हे पद आणि चांद्याचा मुलूख मुधोजींकडे आला. पुढच्या पिढीत तोच वारसा मुधोजींचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी उर्फ मन्याबापू यांच्याकडे गेला. थोरले बंधू दुसरे रघूजी नागपुरात गादीवर होते. व्यंकोजी १८११ साली काशीत वारले. त्यांचा मुलगा आप्पासाहेब. जन्म १७९६चा, नाव आजोबांचे. म्हणजे चांदा ही त्यांना वडिलांकडून आलेली वतनाची जागा होती.

हा चांद्याचा मुलूख केवढा होता, हे आजच्या नकाशावरून चटकन ध्यानात येत नाही. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यापूर्वी तो सारा चांद्याचाच भाग होता. वर्धा नदीच्या काठची काळी शेतजमीन ओलांडून पूर्वेकडे निघाले की वैनगंगेपलीकडे साग-बांबूचे अरण्य सुरू होई. अहेरी, पोटेगाव, रांगी, मुरूमगाव, पळसगड अशा जमीनदाऱ्या त्या अरण्यात विखुरलेल्या होत्या. या जमीनदारांनी नागपूरला ठरावीक टाकोळी द्यावी आणि बाकी आपला कारभार आपण पाहावा, अशी रीत होती. राजधानीतून पळालेल्या माणसाला लपायला याहून चांगली जागा नव्हती. आप्पासाहेबांना हे ठाऊक होते. त्यांना पकडणाऱ्या इंग्रज रेसिडेंटलाही ते ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट चांद्याला ठाऊक होती. हा मुलूख भोसल्यांनी गोंड राजांकडून घेतला होता. राणी हिराईने महाकालीचे मंदिर उभारले, दत्तक पुत्र रामशहाच्या नावाने कारभार सांभाळला, त्या घराण्याचे शेवटचे राजे नीळकंठशहा. पहिल्या रघूजींनी १७५१ साली त्यांचे राज्य खालसा केले आणि त्यांना बल्लारपूरच्या किल्ल्यात कोंडले. ते कैदेतच वारले. पुढे त्यांचे पुत्र बल्लाळशहा यांनी गोंडांना जमवून बंड केले. ते मोडले गेले, वारस नागपूरच्या कैदेत पडला आणि अखेर भोसल्यांच्या तुटपुंज्या नेमणुकीवर त्याला दिवस काढावे लागले. गादी गेलेल्या वारसाचे काय होते, हे चांद्याने आप्पासाहेबांच्या आधी दोन पिढ्या पाहिले होते. ते करणारे आप्पासाहेबांचे पणजोबा होते.

दुसरे रघूजी आणि पुतण्या आप्पासाहेब यांचे कधी जमले नाही. व्यंकोजींच्या मागे त्यांच्या जहागिरीवर आणि संपत्तीवर काकांची नजर राहिली. २२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. मरताना त्यांनी मुलगा परसोजी याचा हात आप्पासाहेबांच्या हाती दिला आणि घराण्याची अब्रू तुझ्याकडे आहे असे बजावले, अशी हकीकत सांगतात. परसोजी दृष्टीने अधू, शरीराने पंगू आणि बुद्धीने दुबळा होता. राज्य चालवणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. रघूजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांच्या पक्षाला कारभार आपल्या हाती हवा होता. आप्पासाहेबांनी त्यांच्यावर मात केली आणि ते परसोजीच्या नावाने कारभारी झाले.

ही मात त्यांना महाग पडली. वाड्यातील विरोधकांपासून आपले आसन सुरक्षित राहावे म्हणून त्यांनी इंग्रजांचा हात धरला. मे १८१६ मध्ये त्यांनी तैनाती फौजेचा तह केला. तिच्या खर्चासाठी साडेसात लाख रुपये सालीना देणे कबूल केले. दुसरे रघूजी ज्या तहाला वर्षानुवर्षे बगल देत आले होते, तो विशीतल्या पुतण्याने काही आठवड्यांत करून टाकला. राज्य खऱ्या अर्थाने गेले ते त्या दिवशी. सीताबर्डीला फक्त त्याचा निकाल लागला.

त्यानंतर जे घडले, त्याचा डाग आप्पासाहेबांच्या नावावरून कधी पुसला गेला नाही. १८१७च्या आरंभी काही कामाचे निमित्त करून ते नागपूर सोडून चांद्याला गेले. ते तिकडे असताना १ फेब्रुवारीच्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत आढळला. रेसिडेंट जेन्किन्सने तेव्हा हा मृत्यू फारशी खळखळ न करता मान्य केला. आता थेट वारस आप्पासाहेबच होते. २१ एप्रिल १८१७ रोजी त्यांना राज्याभिषेक झाला. परसोजीचा खून झाला आणि तो आप्पासाहेबांच्या हुकमाने झाला, हा आरोप इंग्रजांनी जाहीरपणे पुढे आणला तो वर्षभराने, त्यांना पदच्युत करण्याची वेळ आली तेव्हा. आरोपाची वेळ सोयीची होती हे खरे. पण म्हणून तो खोटा ठरत नाही. बहुतेक इतिहासकारांनी तो खरा मानला आहे, आणि चांद्याचा तो नेमक्या वेळचा प्रवास आप्पासाहेबांच्या बाजूने साक्ष देत नाही. पेशवाईत नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांची जी अवस्था झाली, तीच थोड्या वेगळ्या रूपाने येथे दिसते. फरक इतकाच की नागपुरात बारभाई उभे राहिले नाहीत.

गादी मिळताच आप्पासाहेबांना तैनाती फौजेचा काच जाणवू लागला. पुण्यात दुसरे बाजीराव इंग्रजांवर उलटण्याच्या तयारीत होते. त्यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे समारंभाने स्वीकारली. पेशवे इंग्रजांशी लढत असताना ही वस्त्रे घेणे म्हणजे युद्धाची घोषणाच होती. दोन दिवसांनी, २६ तारखेच्या सायंकाळी, सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई जुंपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती चालली. इंग्रजांकडे दीड हजाराच्या आतबाहेर माणसे होती, भोसल्यांकडे त्यांच्या कितीतरी पट. अरबांनी लहान टेकडी जिंकलीही. पण कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाच्या हल्ल्याने पारडे फिरले. आप्पासाहेबांनी लढाई आपल्या आज्ञेवाचून झाली अशी सारवासारव केली. जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला, तेव्हा १६ डिसेंबरला ते स्वतः रेसिडेन्सीत जाऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्याच दिवशी त्यांची फौज मात्र सक्करदऱ्याजवळ लढली आणि अरबांनी नागपूर शहर ३० डिसेंबरपर्यंत सोडले नाही. धनी शरण गेल्यावर चाकरांनी लढत राहावे, असे त्यांच्या आयुष्यात पुन्हा घडणार होते.

जानेवारी १८१८च्या तहाने त्यांना गादी परत मिळाली, पण हातात काही उरले नाही. नर्मदेपलीकडचा मुलूख, वऱ्हाडातील हिस्सा, गाविलगड, सारे गेले. सीताबर्डीची टेकडीही इंग्रजांकडे गेली. कारभारी कोण असावेत हेही रेसिडेंटच्या पसंतीने ठरायचे होते. अशा स्थितीत आप्पासाहेबांनी डोळे चांद्याकडे लावले. बाजीराव पळत पळत वऱ्हाडच्या रोखाने येत होते. त्यांनी चांद्यापर्यंत यावे, आप्पासाहेबांनी नागपुरातून निसटून त्यांना मिळावे आणि अरण्यातील गोंड जमीनदारांच्या बळावर लढा पुन्हा उभारावा, असा बेत होता. मंडल्यासारख्या किल्ल्यांच्या किल्लेदारांना तहाप्रमाणे किल्ले सोडू नका, असे गुप्त निरोप गेले. जेन्किन्सला याचा सुगावा लागला. १५ मार्च १८१८ रोजी त्याने आप्पासाहेबांना वाड्यातच कैद केले. नागोपंत आणि रामचंद्र वाघ हे त्यांचे विश्वासू कारभारीही पकडले गेले.

बाजीराव खरोखरच वर्धा नदीपर्यंत आले. पण तोवर इंग्रज फौजा चांद्याच्या वाटेवर आडव्या आल्या होत्या. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणी येथे अ‍ॅडम्सने त्यांना गाठले आणि पेशव्यांची उरलीसुरली फौज उधळली. तेथून तो सरळ चांद्याकडे वळला. पेशवे आणि भोसले दोघांनाही ज्या तटाच्या आत शिरायचे होते, त्याच्या आत अखेर एकटा गंगासिंग होता. या किल्लेदाराचे नाव आज चंद्रपूरबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याला किल्ला खाली करून जीव वाचवता आला असता. राजा कैदेत, पेशवा पळालेला, मदत येण्याची आशा नाही. तरी त्याने अकरा दिवस दरवाजे उघडले नाहीत.

इकडे ३ मे रोजी आप्पासाहेबांना कॅप्टन ब्राऊनच्या पहाऱ्यात नागपुराहून प्रयागकडे रवाना करण्यात आले होते. जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या गावी मुक्काम पडला. कर्नाटकातील प्रसिद्ध रायचूरशी या गावाचा संबंध नाही. पहाऱ्यावरील काही शिपाई फितूर झाले. त्यांनी कैद्याला शिपायाचा पोशाख चढवला आणि पहारा बदलताना तो त्यांच्यातलाच एक होऊन छावणीबाहेर पडला. तंबूत बिछान्यावर उशी पांघरूण घालून ठेवली होती आणि दोन सेवक धन्याचे पाय चेपत असल्यासारखे बसून होते, असे सांगतात. अधिकाऱ्याने आत डोकावून पाहिले आणि समाधानाने तो परत गेला. पहाटे पलायन उघडकीस आले तेव्हा आप्पासाहेब डोंगराच्या वाटेला लागले होते.

ही वाट दक्षिणेला, चांद्याकडे जाणारी नव्हती. ती जवळच्या सातपुड्यात जात होती. हर्रईचे गोंड प्रमुख चैनशहा यांनी त्यांना आश्रय दिला आणि पचमढीच्या महादेव डोंगरांत त्यांचे ठाणे बसले. भोसल्यांच्या पणतवाला गोंडांनी आश्रय द्यावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. चांदाच नव्हे, तर देवगडचे गोंड राज्यही याच घराण्याने गिळले होते. त्याचा हिशेब या डोंगरातल्या प्रमुखांनी मागितला नाही. इंग्रज महसूल आपल्या जंगलात येऊ नये ही त्यांची गरज होती. पळून आलेला राजा त्या गरजेचे निशाण झाला. इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर मोठे इनाम लावले. ते घ्यायला त्या डोंगरांतून कोणी पुढे आले नाही.

पावसाळाभर या प्रदेशात धुमाकूळ होता. जुलै १८१८ मध्ये बैतूलच्या बाजूला कॅप्टन स्पार्क्सची तुकडी आप्पासाहेबांच्या अरबांनी आणि गोंडांनी कापून काढली. स्पार्क्स मारला गेला. मुलताई काही काळ त्यांच्या ताब्यात आली. पाऊस आणि हिवताप यांनी इंग्रजांची चाल रोखून धरली. हिवाळ्यात मात्र फौजांनी डोंगराला घेर घातला. त्यांचा म्होरक्या होता चांदा जिंकणारा तोच अ‍ॅडम्स.

फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब पेंढाऱ्यांचा सरदार चितू याच्यासह डोंगर सोडून असीरगडाकडे धावले. गड शिंद्यांचा होता आणि किल्लेदार यशवंतराव लाड याने त्यांना आत घेतले. चितूला जंगलात वाघाने खाल्ले. इंग्रजांनी गडाला वेढा घातला, डव्हटन आणि माल्कम दोघेही तेथे होते. ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडला. आत आप्पासाहेब सापडले नाहीत. ते वेषांतर करून आधीच निघून गेले होते. मराठ्यांच्या शेवटच्या युद्धातील ही शेवटची मोठी कारवाई. बाजीराव त्या वेळी बिठूरला आठ लाखांच्या सालीना नेमणुकीवर स्थिरावत होते. आप्पासाहेब शरण गेले असते तर त्यांनाही काही नेमणूक मिळाली असती. एकदा शरण जाऊन पाहिलेल्या या माणसाने दुसऱ्यांदा ती वाट धरली नाही.

पुढची दहा वर्षे उत्तरेच्या डोंगराळ मुलखात गेली. १८२०च्या सुमारास ते अमृतसरला पोचले. महाराजा रणजितसिंग हे हिंदुस्थानातील एकमेव बलाढ्य स्वतंत्र राजे होते. पण सतलजेपलीकडच्या इंग्रजांशी त्यांना वैर नको होते. त्यांनी पाहुण्याला निरोप दिला. मग कांगड्याच्या खोऱ्यात कटोच राजा संसारचंद यांच्या आश्रयाने ते राहिले. तेथे काबूलच्या पदच्युत शाहजमानचा मुलगा हैदर याच्याशी त्यांनी एक खलबत केले. दिल्लीपासून कन्याकुमारीपर्यंतचे राज्य दुराणी राजपुत्राने घ्यावे आणि आप्पासाहेबांनी त्याचे वजीर होऊन दक्षिण सांभाळावी, असा तो मनोरा होता. एकाकडे काबूल नव्हते, दुसऱ्याकडे नागपूर. दोन बेघर वारसांनी बसल्या जागी अख्खा हिंदुस्थान वाटून घेतला. ही गोष्ट हास्यास्पद वाटते खरी, पण आशेवर जगणाऱ्या माणसाला बहुधा असेच बेत तगवून ठेवतात. संसारचंदना हे झेपणारे नव्हते. आप्पासाहेबांना तेथूनही निघावे लागले. मंडीच्या राजाने काही वर्षे आसरा दिला.

तिकडे नागपुरात त्यांची जागा केव्हाच भरली गेली होती. जून १८१८ मध्येच इंग्रजांनी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा याला दत्तक देववून तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवले होते. तो लहान असल्याने वाड्याची सूत्रे बाकाबाईंकडे गेली. ज्यांना डावलण्यासाठी आप्पासाहेबांनी इंग्रजांशी तह केला, त्याच बाकाबाई अखेर इंग्रजांच्या पाठिंब्याने वाड्यात राहिल्या. चांद्यात कॅप्टन क्रॉफर्ड १८३०पर्यंत राजाच्या नावाने कारभार पाहत होता.

१८२९च्या सुमारास आप्पासाहेब मारवाडात आले. जोधपूरचे महाराजा मानसिंग यांनी त्यांना शहरानजीकच्या महामंदिरात ठेवले. हे नाथपंथाचे मोठे देवस्थान, मानसिंगांनीच बांधलेले. गादीच्या भांडणात ते स्वतः एकेकाळी जालोरच्या किल्ल्यात कोंडले गेले होते आणि नाथांच्या कृपेनेच आपण तरलो, अशी त्यांची श्रद्धा होती. महामंदिराच्या आवारात शिरलेल्याला अभय, हा तेथील रिवाज होता. इंग्रजांनी आप्पासाहेबांना ताब्यात मागितले. मानसिंगांनी १८१८ मध्येच कंपनीशी तह केलेला होता. नकार देणे सोपे नव्हते. तरी त्यांनी शरणागताला हवाली करण्याचे साफ नाकारले आणि त्याच्या वागणुकीची हमी मात्र स्वतःवर घेतली. इंग्रजांनीही मग फार ताणून धरले नाही. रणजितसिंगांच्या फौजेने जे केले नाही, ते कंपनीच्या मांडलिक राजाने एका मंदिराच्या आधाराने केले.

आप्पासाहेब पुढे तेथून हलले नाहीत. ना बंड, ना खलबत. १५ जुलै १८४० रोजी जोधपुरात ते वारले. वय चव्वेचाळीस. निम्मे आयुष्य भोसल्यांच्या मुलखात, निम्मे त्याबाहेर. मानसिंग त्यानंतर तीन वर्षांनी गेले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस पुत्राविना वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८५४ मध्ये चांदा इंग्रजी राज्यातला जिल्हा झाला. तेथील अरण्याने आणखी चार वर्षांनी बाबूराव शेडमाके यांच्या रूपाने पुन्हा डोके वर काढले. त्या उठावात भोसल्यांचे नाव नव्हते.

वऱ्हाडात मात्र ते नाव आणखी एकदा ऐकू आले. १८४९ साली एक माणूस आपण नागपूरचे आप्पासाहेब भोसले आहोत असे सांगत उभा राहिला. त्याच्याभोवती रोहिले जमले आणि निजामाच्या फौजेचा ब्रिगेडियर ऑन्स्लो त्याच्यावर चालून गेला. खऱ्या आप्पासाहेबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.